दोन इंची विहिरी

वेल्बी गावात सात विहिरी आहेत, दोन-दोन इंच रुंदीच्या.
कुणी पाणी भरत नाही त्यांवर.
रहाट नाही, काठ नाही, काठावरच्या गप्पा नाहीत.
डांबरात बसवलेली लोखंडी झाकणं नुसती,
आणि वर्षातून चार वेळा मी,
नॉर्थ डकोटा सरकारची माणूस,
गुडघे टेकून, पाना लावून ती उघडते.

फाइल माझ्याकडे आली तेव्हाच तेवीस वर्षांची होती.
माझ्याआधी कोस्टेलेकी, त्याच्याआधी कुणीतरी
ज्याची सही लागत नाही.
पहिल्या पानावर शेरा: टाकी क्रमांक दोन,
तळाला छिद्र, करंगळी जाईल एवढं.
घालून पाहिली असेल का कुणी करंगळी?

ओर्व्हिल ग्रोटबर्ग रोज सकाळी काठी सोडून टाकी मोजायचा.
त्याची वहीसुद्धा फाइलमध्येच आहे.
चार गॅलन कमी. थंडीनं आकसलं असेल.
सहा गॅलन कमी. काठी झिजली असेल.
पुढे कारणं लिहिणं थांबतं,
नुसते आकडे, फेब्रुवारीपर्यंत.
पाणी कुठं मुरतंय हे त्याला कळत होतं.
फक्त ते पाणी नव्हतं.

मग एका मयतानंतर, चर्चच्या तळघरात,
कॉफीचं आधण ठेवायला आलेली बाई
काडी ओढता ओढता थबकली.

तिथून आम्ही.
आपणास याद्वारे कळविण्यात येते की.
तीस दिवसांच्या आत.
अन्यथा नियमानुसार.
ओर्व्हिल गेल्यावरही पत्रं त्याच्याच नावानं जात राहिली,
आणि ऑर्डेल, त्याची बायको,
प्रत्येक पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीनं उत्तर लिहून पाठवायची:
तो वारला. पंप बंद आहे. आलात तर कॉफी मिळेल.

माती उकरून नेली, एकशे चाळीस ट्रक.
हवा भरली, हवा ओढली.
राज्याच्या निधीनं पैसे दिले; ऑर्डेलच्या वाट्याची रक्कम
ती महिन्याला पन्नास डॉलरनं फेडत गेली, एकही हप्ता न चुकवता.
विहिरी एकेक करून निवळल्या.
चौथी सोडून.

अब्जात पाच, एवढं बेन्झीन चालतं.
चौथीत अकरा. नऊ. सहा. सहा. सहा.
गेल्या ऑगस्टात चार पूर्णांक आठ,
आणि बिस्मार्कच्या कार्यालयात साहेबांनी मान वर केली.
ठेकेदाराच्या अहवालात होतं: कल उतरता.
सोबत एक सूचना, अगदी सभ्य भाषेतली:
यापुढचे नमुने उन्हाळ्याअखेरीसच घ्यावेत,
रस्ते तेव्हा बरे असतात.

रस्ते बरे असतात, आणि भूजल खोल गेलेलं असतं.
टाकीनं रंगवलेला मातीचा पट्टा
तेव्हा कोरडा, वर, पाण्याच्या हाताबाहेर.
खोटं कुणीच बोलत नाही.
फक्त तारीख निवडतं.

मी एप्रिल निवडला.
बर्फ वितळून गटारं तुडुंब,
चौथीचं झाकण उघडलं तर पाणी हाताशी आलेलं,
आणि तो वास, पुसट, गोडसर,
लहानपणी बाबांच्या ट्रॅक्टरपाशी मला आवडायचा तो.

ऑर्डेल काठी टेकत आली. एक्याण्णव वर्षांची.
नातवाला जागा हवी आहे, म्हणाली, टायरचं दुकान काढायला.
बँक म्हणते, सरकारचं पत्र आणा.
मी म्हटलं, आज पत्र लांबेल बहुतेक.
तिनं मला शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं.
ओर्व्हिलची वही तू वाचलीस का, तिनं विचारलं.
वाचली.
मग आकड्याशेजारी कारण लिहू नकोस, म्हणाली.
नुसता आकडा लिही.

बाटली काठोकाठ भरायची असते,
आत हवा राहिली तर विष तिच्यात निसटतं, प्रयोगशाळा फसते.
झाकण घट्ट करून उलटी धरायची,
बोटानं टिचकी मारायची,
बुडबुडा दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
ढगाळ उजेडात आम्ही दोघींनी
करंगळीएवढ्या त्या बाटलीत
बराच वेळ बुडबुडा शोधला.