पाणी मुरतं

तीन लिफाफे वेळेत आले. चौथा दहा वाजून दोन मिनिटांनी.
भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढं आहे
हे स्रेब्रोवोच्या नगरपालिकेत मांजरालाही ठाऊक,
तरी चौथा परत गेला.
तो घेऊन आलेला पोरगा वार्नाहून पहाटे निघालेला;
जिन्यात बसून त्यानं डब्यातली बनित्सा खाल्ली,
कुणाला तरी फोन लावला, काही न बोलता ठेवून दिला.

लिफाफे फोडायचं काम माझं. एकतीस वर्षं.
हाडाची सुरी आहे, बापानं दिलेली,
कागद फाटत नाही, नुसता उघडतो.
मुख्य रस्त्याचे पदपथ, अकराशे मीटर,
करड्या फरश्या, जाडी सहा सेंटिमीटर,
पैसा ब्रसेल्सचा, निळ्या पाटीवर बारा चांदण्या.
तीन कंपन्या, तीन पत्ते, तीन शिक्के,
आणि तिन्हींत ‘टिकाऊ’ या शब्दाचं
मधलं अक्षर गळलेलं.

चष्मा पुसला. परत वाचलं.
एक चूक तीन माणसांकडून होऊ शकते,
होते की, जगात काय होत नाही.
पण हीच चूक माझ्या फ्रिजवर आहे,
चुंबकाखाली, पाच वर्षं:
‘आई, आमचा संसार टिकाऊ होऊ दे’
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुनेनं लिहिलेली चिठ्ठी,
तेच अक्षर गाळून.
येलित्सा शाळेपासून ते अक्षर खाते.
हल्ली ती क्रास्त्योच्या ऑफिसात टायपिंग करते.

क्रास्त्यो कोण ते सांगायला हवं.
आमच्याकडे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर
मुकुट धरतो तो कूम.
रक्ताचा नसतो, रक्ताहून जवळचा असतो;
कूमचा शब्द मोडला तर म्हणे घरची विहीर आटते.
नगराध्यक्ष ल्युबेनच्या डोक्यावर
क्रास्त्योनं मुकुट धरला त्याला बावीस वर्षं झाली.
अजून खाली ठेवलेला नाही.

समितीत पाच जण. टेबलावर लिंडनच्या फुलांचा चहा.
इंजिनियर राडॉय म्हणाला, सगळ्यात कमी दर कुणाचा?
मी आकडा वाचला.
माझा आवाज नेहमीसारखाच होता,
तेच रात्रभर आठवत राहिलं.
‘हरकत असल्यास नोंदवावी’ असा एक रकाना असतो,
दोन ओळींचा.
त्यात मी आडवी रेघ मारली. पट्टी लावून.

मुलाला काही सांगितलं नाही. त्यानंच विषय काढला:
येलित्साला बोनस मिळालाय,
तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आता करून टाकू या का?
मी म्हटलं, बघू.

ऑक्टोबरात फीत कापली. धर्मगुरूनं
सब्जाची जुडी बुडवून पाणी शिंपडलं,
थोडं माझ्या कोटावर पडलं.
मार्चात बर्फ वितळला आणि फरश्या बोलायला लागल्या:
पाय ठेवला की खट्,
आणि खालचं गढूळ पाणी थेट पोटरीपर्यंत.
एक उखडून पडली होती बेकरीसमोर.
इकडंतिकडं पाहून मी तिला पर्समधली पट्टी लावली.
चार.

आता बाजाराला जाणाऱ्या बायका
ठिक्कर खेळल्यासारख्या चालतात,
ही सोडून ती, ती सोडून पलीकडची.
परवा म्हातारी पेना नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा कागद
खांबावर चिकटवायला निघाली होती,
काळ्या चौकटीतला, फोटोवाला.
चुकीच्या फरशीवर पाय पडला.
चिखल नवऱ्याच्या मिशीवर उडाला.
‘तू तर आतली आहेस,’ मला म्हणाली,
‘यात कुठंतरी पाणी मुरतंय, नाही गं?’
‘वाळू कमी घातली असेल,’ मी म्हणाले,
आणि बाहीनं तो फोटो पुसत राहिले,
पुसल्यानं तो आणखीच पसरला.

डुगडुगणाऱ्या सगळ्या फरश्या मला पाठ आहेत.
घरापासून ऑफिसपर्यंत चौऱ्याण्णव.
गुडघ्याची तारीख जूनची मिळाली आहे.