उत्तरेची खिडकी

धरणगावच्या जिनिंगमध्ये
ग्रेडिंगच्या खोलीला एकच खिडकी, उत्तरेची.
ऊन तिच्यातून कधी आत आलं नाही.
आला तो उजेड,
आभाळाच्या हातून, वाटेत निवलेला.
लोटनआप्पा म्हणायचे, ऊन बढाया मारतं,
आणि ट्यूबलाइट लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी,
सगळ्यांनाच गोरं म्हणते.

मी बीएस्सीला नापास होऊन रजिस्टर लिहायला बसलेली.
फिजिक्सच राहिलं होतं.
पहिल्या दिवशी आप्पांनी मूठ पुढे केली:
"काय दिखस तुले?"
"कापूस."
उठून त्यांनी खिडकी लावली, कडी घातली,
फटीत बारदान कोंबलं.
"आते?"

माझे डोळे टक्क उघडे.
कापूस तिथंच होता, हातभर अंतरावर,
नाकाला सरकीचा वास येत होता,
आणि दिसत काही म्हणजे काहीच नव्हतं.
डोळ्यांत स्वतःचा असा एकही दिवा नसतो
हे मला परीक्षेत लिहिता आलं नव्हतं.

मग बारदानाचं टोक त्यांनी ओढलं.
बोटभर उजेड आत आला.
तोही दिसला नसता,
पण खोलीत तूस उडत होतं;
एकेक तंतू पेटल्यासारखा व्हायचा,
जरा सरकायचा, विझायचा.
उजेडालाही कुणाच्या तरी अंगावर पडावं लागतं
आपण आहोत हे सांगायला.

काळी जमीन आलेलं सगळं ठेवून घेते, आप्पा म्हणाले,
म्हणून ती काळी.
बोंड काही ठेवत नाही.
आलं तेवढं परत.
आपण बघतो ती परतफेड.
तिच्याच पोटचं, आणि स्वभाव असा उलटा.

मग मी पाच हंगाम लिहीत गेले.
आप्पा चिमूट ओढून काळ्या कापडावर ठेवायचे,
मान तिरकी करायचे:
सफेद. सफेद. मळकट. डागी.
हिरव्या ताडपत्रीखालची गाडी आली
की आधी ताडपत्री काढायला लावायचे,
कापसावर हिरवं सांडलंय म्हणायचे.
मलाही लाल ओढणी घेऊन
खिडकीशी बसू दिलं नाही कधी.

चौथ्या हंगामात 'पिवळसर' वाढलं.
आधी दहात एक, मग तीन, मग पाच.
मालक म्हणाले, बियाणं बदललं असेल.
मला ढिगावर कुठं पिवळं दिसत नव्हतं.
वाटलं, माझ्याच नजरेला अजून धार नाही.
लिहिलं: पिवळसर.
शाई निळी, अक्षर माझं.

संक्रांतीच्या आसपास जळगावला
त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
पट्टी निघाली त्या दिवशी एसटीतून उतरून
घरी न जाता जिनवर आले.
खिडकीशी बसले. मूठ उचलली.
डावा डोळा मिटला. उघडला.
उजवा मिटला.
पुन्हा डावा.
डॉक्टरांनी काढलेला मोतीबिंदू दाखवला होता म्हणे,
गुळाच्या कणीसारखा.

म्हणजे कापसानं त्याचं काम केलं होतं,
आलं तेवढं परत पाठवलं होतं.
उंबऱ्यावर गूळ बसला होता.

"रजिस्टर काढ," म्हणाले.
दोन हंगामांची पानं
बोट ठेवून, मोठ्यानं वाचत गेले:
भिका उखा, पिंप्री. पिवळसर.
झिपरू नथ्थू, सोनवद. पिवळसर.
मग वाचायचे थांबले, बोट मात्र खाली जात राहिलं.
शेवटच्या ओळीवरून मान वर न करता विचारलं,
"तुले कसा दिखे?"

बाहेर रेचे चालू होते.
चारचा उजेड खिडकीतून
कापसावर, वहीवर, आम्हा दोघांवर सारखाच पडत होता.
मी काही बोलले नाही.
आप्पांनी मान वळवली, नव्या डोळ्यानं पाहिलं.
माझ्या चेहऱ्यानं काय परत पाठवलं
मला ठाऊक नाही.
त्यांनी वही मिटली.