तेरा वेळा

सोमवारी तारेची चाचणी.
जाळी उलटी धरायची, खाली भुसा,
उंदीर लटकतो आहे तोवर घड्याळ चालू.
चारशे सतरा, डाव्या कानाला दोन खाचा,
मागच्या महिन्यात सत्तेचाळीस सेकंद.
आज एकोणतीस.
मी आकडा लिहिते, त्याला ओंजळीत उचलते.
हातमोज्यातूनही कळतं, धाप लागली आहे.

आजार म्हणजे लिहिण्यातली एक चूक.
तीन अक्षरांचा शब्द दहादा यायचा,
आमच्या घराण्यात तेरा वेळा येतो.
उंदरांत आम्ही मुद्दाम सतरा वेळा घातला.
दोन वर्षांचं आयुष्य,
वाट पाहायला त्यांना कुठली पन्नाशी?

बाबांना पन्नाशीतच गाठलं,
माँमान्यीत, नदीकाठच्या घरात.
पापण्या अर्ध्यावर आल्या, मग त्याच्याही खाली.
समोरचा माणूस दिसावा म्हणून
ते हनुवटी उचलून बघू लागले.
लोक म्हणाले, गिरणीत फोरमन झाल्यापासून
ओनेझिम गोद्रोची मान ताठ झाली.
आजोबांबद्दलही हेच म्हणायचे.
आमच्याकडे गर्वसुद्धा रक्तातून येतो.

मग घास अडकू लागला.
वाटाण्याच्या सूपची एक वाटी, पाऊण तास,
आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत, मुद्दाम.

मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत हे कुणाला ठाऊक नाही.
डॉक्टर हद्दाद म्हणते, सोलांज, तुझ्या नोंदी किती नेटक्या.
मी म्हणते, सवय.
नळीभर रक्त मीही देऊ शकले असते,
तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या सुट्टीत.
चव्वेचाळीस वर्षांची झाले, दिलं नाही.
भावाने दिलं. पाकीट उघडलं,
आणि त्या रात्री फोनवर रेजाँ
नुसतं हवामान सांगत राहिला.

ऑक्टोबरात मी घरी जाते.
उत्तरेकडून पांढरे हंस उतरतात,
नदीचा काठ दिसेनासा होतो.
धक्क्यावर अख्खं गाव, शहरातून आलेले पाहुणे,
पाद्री, आइस्क्रीमवाला, कडेवरची पोरं,
सगळ्यांच्या हनुवट्या वर, डोळे किलकिले.
त्या एका दुपारी
बाबा कुणाहून वेगळे दिसत नाहीत.

किती आले गं, ते विचारतात.
एकोणतीस, मी म्हणून जाते.
ते हसतात, हसताना खोकतात,
मी पाठीवर हात ठेवते
आणि सेकंद मोजायचे नाहीत असं ठरवते.