कान दिसू द्या

प्रेमिला गावितचा फोटो मीच काढला होता,
पस्तीस बाय पंचेचाळीस,
पांढऱ्या पडद्यासमोर, चोपड्यात, माझ्या दुकानात.
केस मागे घे, म्हणालो. कान दिसू दे.
दात दाखवू नकोस, फोटो परत पाठवतात.
फोटो परत आला नाही.
तीही.

आता ती कॉर्कच्या दवाखान्यात रात्रपाळी करते
आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून
पडके बुरूज बघत हिंडते. मला पाठवते :
गवतात बुडालेलं चर्च, छप्पर नाही, आत कावळे.
कुणा उमरावाची बाग, गुलाबांच्या गळ्यात नावाच्या पाट्या.
एक गोल मनोरा, ढगात डोकं खुपसलेला.
'दादा, इथे पडक्या भिंतीपुढेही एक बाक असतो,
बसून बघायला.
आपल्याकडचं काही पाठवा ना.'

आपल्याकडचं.
एकतीस वर्षं मी माणसांच्या मागचं सगळं
पांढऱ्या पडद्याने झाकत आलो.

मग जानेवारीत दुकान भाच्यावर टाकलं
आणि रविवार रविवार निघत राहिलो,
गळ्यात कॅमेरा, डिकीत सवयीने घडी केलेला पडदा.

पारोळ्याला तटाच्या सावलीत गवारीचे ढीग.
बुरूज घ्यावा तर निळी ताडपत्री येते,
ताडपत्री टाळावी तर बुरूज अर्धा राहतो.
फरकांड्याचा मनोरा हलतो म्हणतात.
मी खाली उभा राहून वाट पाहिली.
तो हलला नाही. फोटो हलला.
सोनगीरला हातोडीचे ठोके गल्लीभर,
ते कुठल्या लेन्सने घ्यायचे?
एक काढला तरी : नव्या हंड्याच्या पोटात
तांबूस, पसरट, उलटा
मीच.

बागा म्हणशील, तर सावद्याकडे वळलो.
आत उजेडसुद्धा हिरवा,
माणसं फोटोत कावीळ उतरल्यासारखी दिसतात.
या झाडांना पाट्या नाहीत, प्रेमिला.
एकदाच घड, मग कोयता,
आणि बुंध्याशी तोवर पिल हातभर वर आलेलं.
घड खांद्यावर पेलत एकजण ओरडला,
भाऊ, बाजूले व्हा, ट्रक भरू द्या आधी.
त्याची पाठ तेवढी मिळाली, केळीच्या चिकाने काळी.

शेवटी थाळनेर.
गढीची एक बाजू तापीने नेली,
उरलेलीवर शेळ्या.
सुलतानांच्या कबरी, एक तर आठ कोनांची,
दगडावर अशी बारीक वेल
की उन्हातही बोटाला गार लागते.
मी तिथे तास घालवला. एकही फ्रेम जमेना.
सवय, दुसरं काय :
प्रत्येक वेळी वाटायचं, पुढे कुणीतरी बसायचं राहिलंय.

कुलसुमबी तडवी शेळ्यांमागून आल्या.
'आठे काय शे दखाले?'
मी कॅमेरा वर केला.
त्यांनी हातातला दोर सोडला, पदर मागे सारला,
दगडाला पाठ लावून उभ्या राहिल्या,
हनुवटी सरळ, दोन्ही कान मोकळे,
ओठ मिटून, श्वास धरून.
'आधारना फोटू शे ना?'
नाही, आयर्लंडला जायचाय.
'मी?'
तुम्ही नाही. फोटो.
'तठे कोन शे?'
आपली एक पोर.
'मंग कान कसाले?'

आणि पदर पुन्हा डोक्यावर घेताना
त्या हसल्या, समोरचे दोन दात नसलेलं,
तेवढ्यात शेळीने वेलबुट्टीपुढे मान घातली
आणि माझं बोट दाबलं गेलं.

सुलतान धूसर आलाय. शेळी निम्मी.
तसाच पाठवला.
दोन टिका पडल्या, करड्या.
तिथे अजून उजाडलं नसेल,
ती कुणाचं तरी सलाईन बदलत असेल.

बाक नव्हता,
म्हणून कबरीच्या पायरीवर बसलो.
कुलसुमबी खाली नदीकडे उतरत होत्या,
दोर हातात, शेळी पुढे.
कॅमेऱ्याला झाकण लावलं
आणि बघत राहिलो.