जिभेवरची जमीन

शेडबाळच्या खालच्या अंगाला
आमचं दीड एकर मिठानं पांढरं पडलेलं.
ऊस आधी पिवळा, मग नुसते खुंट.
चंपाक्का चिमूटभर माती जिभेवर ठेवायची,
थुंकायची, म्हणायची, "उप्पु."

मग खजुराची अठरा रोपं.
लोक हसले, कुठं कच्छ, कुठं कागवाड.

उगारच्या कारखान्यातून मळी आली, अजून कोमट.
मायाप्पाची मेंढरं तीन रात्री बसली.
निपाणीहून तंबाखूची देठं,
त्यांचा वास पार अंथरुणापर्यंत.
खोरं नको म्हणायची ती, गांडूळ तुटेल.
हातानंच आळी भरायची,
दिवस बुडायच्या आत जेवून घ्यायची;
नखांतलं खत काही निघायचं नाही.

दर वर्षी तीच चिमूट.
"उप्पु."
"उप्पु, पण कमी."
एका वर्षी बोलली नाही, थुंकलीही नाही.

अठरातली चार नर निघाली.
उरलेल्यांना यंदा मिरगाच्या तोंडावर घड,
युरियाच्या जुन्या पोत्यांत बांधलेले.
पहिलं फळ तिनं तिथंच तोडलं,
बी आळ्यात टाकली,
बराच वेळ चघळत राहिली.

गोड आहे का गं?

ती वाकली, चिमूट उचलली.
"थांब," म्हणाली, "आधी हिला विचारते."