पोच

गारगोटीच्या ठाण्यात, कोपऱ्यातल्या रॅकला
तालुक्यातल्या बंदुका ओळीनं उभ्या.
दस्त्याला सुतळी, सुतळीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर गाव, नाव, नंबर.
बालवाडीतली पोरं जशी, डबा खाऊन झाल्यावर
भिंतीला लावून ठेवलेली.

दर निवडणुकीला आण्णा मला घेऊन इथं यायचे.
बंदूक मधोमध मोडलेली, पोत्यात गुंडाळलेली,
पोत्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.
एसटीत कंडक्टर विचारायचा, "काय हाय ह्यात?"
आण्णा म्हणायचे, "जबाबदारी."
तो लगेजचं तिकीट फाडायचा.

शेतसंरक्षणाचा परवाना. काडतुसं पाच.
बंदूक माळ्यावर, काडतुसं कणगीतल्या डब्यात,
डब्याला कुलूप, किल्ली आण्णांच्या करदोट्याला,
आंघोळीलासुद्धा सुटायची नाही.
दर अमावास्येला मोजायचे,
मग मला मोजायला लावायचे.
रणधीर वैतागायचा, पाचच तर हैत, दोनदा काय मोजायची?
"पाच हैत म्हणून."

मी नववीत होते.
वीज रात्री बाराची. गवे कडगावच्या बाजूनं उतरलेले.
आडसाली ऊस माणसाच्या वर गेलेला
आणि सरीत काहीतरी मोडत चाललेलं,
जड, थांबत थांबत.
आण्णांनी दस्ता खांद्याला लावला.
बॅटरी माझ्या हातात. "हं" म्हटल्यावर लावायची.
ते "हं" म्हणालेच नाहीत.
किती वेळ? एक बिडी ओढून होईल एवढा.
मग उसातून
खोकला.

बांधापलीकडचा दौलू इंगवले,
आमच्या पाळीचं पाणी चोरून वळवत होता,
म्हणून तर अंधारात.

आण्णांनी बंदूक मोडली, काडतूस काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं. गार होतं.
घरी येऊन पाणीसुद्धा प्याले नाहीत.
पहाटे एवढंच, "शेवंता, बंदुकीला पोच नसती.
ती आपल्याला पायजे."
दौलूला कधी सांगितलं नाही. पाण्याचंही नाही.

गेल्या मार्गशीर्षात आण्णांच्या तिरडीला पुढचा खांदा
दौलूनं दिला.
वेदगंगेपर्यंत बदलला नाही.

रणधीर म्हणतो, माझ्या नावावर कर.
वरातीत हवेत दोनच काढू, सगळी काढत्यात.
मोबाईलमध्ये कुणाला तरी दाखवतो,
फेटा, गॉगल, नळी आभाळाकडं.
मी विचारलं, वर गेलेलं खाली कुठं येतं रे?
तो म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं.
करदोटा मात्र अग्नी द्यायच्या आधी
मीच सोडवला होता.

हवालदार चौगले वहीत लिहितात.
केरबा धोंडी मांगोरे, मयत.
नळी एक. दस्ता, डावीकडं चीर. काडतुसं पाच.
"मोजा," मी म्हणते.
मोजतात.
"परत मोजा."
चष्म्यावरून बघतात, पण मोजतात.
"बाई, अर्ज केला तर परवाना तुमच्या नावावर हुईल की."
खरं सांगते, हात पुढं झाला होता.
दस्त्यावर आण्णांच्या गालानं घासलेली जागा आहे,
तिथं वार्निश उरलेलं नाही.
"तूर्त जमा," मी म्हटलं.
त्यांनी नुसतं 'जमा' लिहिलं.

पोच पिवळ्या कागदावर. शिक्का अर्धाच उमटलाय.

परतीच्या एसटीत पुढच्या बाकावर दौलूकाका,
मांडीवर बाजाराची पिशवी.
"दिलीस व्हय बंदूक? आन् गवं आलं म्हंजे?"
मला ठाऊक नाही. परवाच आमचा अर्धा एकर
भुईसपाट झालाय.
"डबं वाजवू," मी म्हणाले,
"पण रात्रभर जागणार कोण?"
"मी हाय की," दौलूकाका म्हणाला,
आणि खोकला.