ड्यू म्हणजे

विडी घरकुलात, सुपात भिजलेली पानं.
आई विचारते, ड्यू म्हणजे काय गं?
मी नववीत. म्हणते, दव.
"दर पाच तारखेला पडतंय होय दव?"

मग मी वही काढते.
प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, शाळेतले नव्हेत.
इंटरेस्टला आपण घरात वड्डी म्हणतो,
पण तिला दुसराच अर्थ पटलाय:
"बँकेला आपल्यात लई इंटरेस्ट हाय."
बाउन्स झालं तर साडेपाचशे.
म्हणजे विड्या किती, ती ओठांत मोजते,
कात्री थांबत नाही.

माग विकला. टॉवेलही गेले.
बाबा भिवंडीत.
हप्ता तेवढा घरी राहिला.

फोन मराठीत सुरू होतो,
चिडला की इंग्रजीत जातो:
पेंडिंग, ओव्हरड्यू, लास्ट वॉर्निंग.
आई तेलुगूत गप्प बसते.
ठेवल्यावर, "शेवटी काय म्हणला?"
"लास्ट."
"मागल्या महिन्यातबी लास्टच म्हणलावता."

रात्री दिवा घालवताना आठवतं तिला,
माझ्या टायफॉइडच्या वेळी
पलीकडच्या एल्लम्माने पदराच्या गाठीतून दिलेले दोन हजार.
सही नाही, तारीख नाही,
अजून एकदाही विचारलं नाही तिनं.
"ह्याला काय म्हणत्यात इंग्लिशमधी?"

मी अंधारात शोधते.
"हँड लोन."
"हँड म्हणजे हातच ना?"
ती हात नाकाशी नेते,
तंबाखूचा वास.
"हे पहिल्या पानावर लिही," म्हणते,
"बाकीचं मागनं."